घर लिही

पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. 'पाणी किती फुटांवर गेलं?' राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी दूधवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. त्या संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर माझ्या दवाखान्यात जे दोघं आले, त्यांनीही आधी तेच सांगितलं. "छत्तीस झालंय मॅडम. अजून शिवाजी पुलावरनं येता येतंय." छत्री दाराबाहेर ठेवून बाप उभाच राहिला. मागे लेक. तिच्या छातीशी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल होती.

हे प्रयाग चिखलीचे. घरी म्हशी आहेत, रोज पहाटे दूध घेऊन गंगावेशीला येतात. त्यांच्या घरातली तीन माणसं माझ्याकडे औषधाला असतात, म्हणून ओळख. "पोरीला पुण्याचं बोलावणं आलंय," ते म्हणाले. "मिलिटरीच्या डाक्टर कॉलेजचं. तोंडी परीक्षा हाय म्हणत्यात. जरा तयारी करून घ्या की."

मला क्षणभर काही सुचेना. आपल्याकडे एमबीबीएसला जाणाऱ्या मुलाला 'तुला डॉक्टर का व्हायचंय' असं समोर बसवून बहुतेक कुणी विचारतच नाही. नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण, काळे केलेले गोल, मग मेरिट लिस्ट, मग कॉलेज. सबंध प्रवासात मुलाचा आवाज कुणाच्या कानावर पडत नाही. पुण्याचं एएफएमसी, म्हणजे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, हा मोठा अपवाद. तिथे नीटच्या गुणांवर निवडक मुलांना बोलावतात. मग इंग्रजी आणि तर्कबुद्धीची संगणकावरची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत, आणि शेवटी डोक्यापासून पायापर्यंत वैद्यकीय तपासणी. मुलाखतीला ५० गुण. दीडशेच्या आतल्या जागा, त्यात मुलींना ३०. शिकून झालं की सैन्याच्या वैद्यकीय सेवेत नोकरी करायची, तसं आधीच लिहून द्यायचं.

मुलीने फाईल उघडली. कुठल्याशा क्लासमधून आणलेले झेरॉक्सचे कागद होते, अपेक्षित प्रश्न आणि त्यांची तयार उत्तरं. पहिला प्रश्न अर्थातच तोच, डॉक्टर का. त्याखालच्या उत्तराला तिने पिवळ्या पेनाने रंगवलं होतं. लहानपणापासून मानवजातीची सेवा करण्याची तळमळ, पांढऱ्या कोटाचं आकर्षण, देशासाठी काहीतरी करण्याची इच्छा. मी म्हटलं, म्हणून दाखव. तिने डोळे भिंतीवरच्या कॅलेंडरला लावले आणि एका दमात इंग्रजीत म्हणून टाकलं. एकही शब्द अडखळला नाही. आणि तिच्या चेहऱ्यावर त्यातलं काहीही नव्हतं.

मी बापाला म्हटलं, "मामा, रोज संध्याकाळी सातला पाठवा. अकरा दिवस आहेत ना? पुरे."

घरी जाताना मात्र मला माझा प्रसंग आठवत राहिला. मी बारावी झाले तेव्हा प्रवेश बारावीच्या गुणांवर होते, मुलाखत नव्हतीच. पण फीला मदत मिळावी म्हणून एका ट्रस्टच्या शिष्यवृत्तीला अर्ज केला होता आणि त्यांनी मुलाखतीला बोलावलं. टेबलापलीकडे चार गृहस्थ. मी सगळी तयारी करून गेले होते, हृदयाचे कप्पे, रक्तगट, अगदी मलेरियाच्या डासाचं नावसुद्धा. त्यांनी त्यातलं काही विचारलं नाही. एकाने विचारलं, "लग्न झाल्यावर मुली प्रॅक्टिस सोडतात. मग एका मुलाची मदत तुम्ही कशाला अडवता?" मला उत्तर देता आलं नाही. मी खाली मान घालून बसले, आणि शिष्यवृत्ती गेली. वडिलांनी पतपेढीचं कर्ज काढलं. पैशाचं दुःख नंतर विसरले. पण उत्तर माझ्याजवळ होतं आणि ते तोंडापर्यंत आलं नाही, ही गोष्ट आज अठ्ठावीस वर्षांच्या प्रॅक्टिसनंतरही मला रात्री जागं करते.

त्याच रात्री माझ्या भाचीला फोन लावला. ती इंग्लंडमध्ये वाढली, तिथेच मेडिकलला आहे. तिच्या मुलाखतीची पद्धत निराळी. एका खोलीत चार गृहस्थ आणि समोर बावरलेलं पोर, असं नसतं. लांब कॉरिडॉर, एकामागून एक खोल्या. दारावर कागद लावलेला असतो, तो वाचायला मिनिट-दोन मिनिटं मिळतात. घंटा वाजली की आत जायचं, पाच-सात मिनिटं बोलायचं, परत घंटा, पुढचं दार. प्रत्येक खोलीत वेगळा परीक्षक. कुठे एखादा नट रडत बसलेला असतो, तुमच्या हातून त्याचं मांजर गाडीखाली आलंय आणि ते तुम्ही त्याला सांगायचंय. ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने काढली, २००४ साली तिच्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला आणि मग ती जगभर गेली. विचार साधा होता. एकाच खोलीतल्या मुलाखतीत मुलाच्या लायकीइतकंच त्या दिवशी समोर कोण बसलंय यावर ठरतं. दहा खोल्या, दहा माणसं केली की एकाची मर्जी किंवा एकाचा पूर्वग्रह मुलाचं नशीब ठरवत नाही. हे ऐकताना त्या चार गृहस्थांच्या जागी मला दहा बंद दारं दिसायला लागली. एक दार वाईट निघालं असतं, तरी पुढची नऊ होती.

भाचीने आणखी एक सांगितलं, ते मी वहीत लिहून ठेवलं. "मावशी, पाठ केलेलं उत्तर त्यांना लगेच कळतं. कारण पुढचा प्रश्न त्या उत्तराच्या आत शिरून असतो."

दुसऱ्या दिवशी फाईल बाजूला ठेवायला सांगितली आणि तिला आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगितली. नाव तिला ठाऊक होतं, पहिली महिला डॉक्टर, सामान्यज्ञानाचा एक गुण. पण पुढचं ठाऊक नव्हतं. फेब्रुवारी १८८३, बंगालमधलं श्रीरामपूर. अठरा वर्षं पुरी व्हायला महिना राहिलेली ही मुलगी कॉलेजच्या सभागृहात उभी राहिली आणि लोक तिला जे प्रश्न विचारत होते ते तिने स्वतःच स्वतःला जाहीरपणे विचारले. सहा प्रश्न. मी अमेरिकेला का जाते? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटी का जाते? परत आल्यावर मला वाळीत टाकणार नाहीत का? संकट ओढवलं तर काय करीन? आणि आजवर कुठल्या बाईने केलं नाही ते मी का करावं? एकेकाचं उत्तर तिने दिलं, इंग्रजीत. पुस्तकं हातात घेऊन रस्त्याने चालताना लोक कशी टिंगल करतात हेही सांगितलं. काही महिन्यांनी फिलाडेल्फियाच्या कॉलेजला तिने प्रवेशासाठी पत्र लिहिलं. त्यात तिने लिहिलं की माझ्या देशातल्या बाया पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचंय. तिचं स्वतःचं मूल दहा दिवसांचं होऊन गेलं होतं. ते तिने भाषणात मिरवलं नाही, पण तिच्या प्रत्येक वाक्याखाली ते मूल आहे असं मला वाटतं.

मुलगी ऐकत होती. मी म्हटलं, "आणि ती शिकून परत आली तर तिला नोकरी कुठे मिळाली होती, सांग."

"पुण्यात?"

"आपल्या सीपीआरमध्ये."

तिचा विश्वास बसेना. आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, म्हणजे आत्ताचं सीपीआर, कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल, तिथल्या बायकांच्या वॉर्डची प्रमुख म्हणून कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना नेमलं होतं. त्या कामावर येऊ शकल्या नाहीत. क्षयाने खंगून २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्याच दवाखान्यात पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकरांनी काम केलं, शाहू महाराजांनी त्यांना पुढच्या शिक्षणाला परदेशी पाठवलं. आनंदीबाई ज्या वॉर्डात कधी पोचल्या नाहीत, त्याच आवारात माझी इंटर्नशिप झाली. भाऊसिंगजी रोडवरून जाताना मी अजूनही त्या दगडी इमारतीकडे एकदा बघतेच.

"तुझे सहा प्रश्न काढ," मी तिला सांगितलं. "तुझ्या गावात, तुझ्या घरात लोक तुला काय विचारतात ते. क्लासचे नकोत."

तिने आणले. पोरीच्या जातीला मिलिटरी कशाला, हा पहिला. म्हशी कोण बघणार, हा दुसरा. तिसऱ्यावर खाडाखोड केलेली होती. तो पुसून तिने लिहिलं होतं, 'तुला जमणार का? तुझ्या हातनं चूक झाली तर?'

"हा कोण विचारतं?"

"मीच," ती म्हणाली आणि गप्प झाली.

पुढचे दोन दिवस मी तिला निराळेच प्रश्न विचारले. तू आजारी माणूस जवळून कधी पाहिलास? कुणाच्या हातात हात धरून बसलीस? कुणी तुझ्यावर विसंबलं होतं का? ती आधी म्हणत राहिली, तसं काही नाही मॅडम, आमच्यात काय असणार. मुलांना हेच शिकवलंय आपण. जे पुस्तकात नाही, ट्रॉफी मिळाली नाही, ते सांगण्यासारखं नाही. चौथ्या दिवशी बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली, मोबाईलच्या उजेडात आम्ही बसलो होतो. पाणी ४१ वर गेल्याचा मेसेज आला. आणि त्या अंधारात २०१९ चा पूर निघाला.

तेव्हा ती सातवीत. ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, चिखली आणि आंबेवाडी पाण्याखाली. तिच्या घरचे बोटीने निघाले आणि सोनतळीच्या बाजूला एका शाळेत जाऊन राहिले. आजीचं इन्शुलिन होतं. लाईट नाही, फ्रिज नाही, म्हणून आईने कुणाकडून तरी मातीचं मडकं मागून आणलं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून बाटली त्यात ठेवली. "आईला ते कुणी सांगितलं माहीत न्हाई, मी नुसतं फडकं वलं करत बसायचो," ती म्हणाली. मी काही बोलले नाही. मधुमेहाचे आमचे पेशंट उन्हाळ्यात असंच करतात, आणि ते बरोबर आहे.

मग डॉक्टरांचं पथक आलं. आणि तिथे खरी पंचाईत झाली. म्हाताऱ्यांना विचारलं, कुठली गोळी घेता, तर उत्तर एकच: पांढरी. आपल्याकडे मेडिकलवाले पट्टी कात्रीने कापून देतात, चार गोळ्यांच्या तुकड्यावर नाव येतच नाही. त्यात निम्म्या गोळ्या भिजून गेल्या होत्या. ही पोरगी शाळेची वही घेऊन वर्गावर्गातून फिरली. मागच्या पानापासून सुरुवात केली, कारण पुढे गणित होतं. नाव, गोळीचा रंग, गोल की लांबट, सकाळी की रात्री, जेवणाआधी की नंतर. पांढरी, मधे रेघ. गुलाबी, बारीक. "पिवळी, कडू लागते." एकशे चौदा नावं. डॉक्टर त्या वहीवरून ओळखून औषधं देत गेले.

ती वही अजून आहे का, मी विचारलं. दुसऱ्या दिवशी तिने आणली. पाण्याने फुगलेली, पानांच्या कडा तपकिरी, शाई काही ठिकाणी निळ्या ढगासारखी पसरलेली. मी पानं उलटत गेले. छत्तिसाव्या नावाशी एक ओळ पेनाने इतकी खोडलेली होती की कागद फाटला होता.

"हे काय?"

बराच वेळ ती बोलली नाही. मग सांगितलं. एकाच नावाच्या दोन म्हाताऱ्या होत्या. आडनावही एकच, गावात अर्ध्या घरांचं आडनाव एकच. एक साखरेची पेशंट, दुसरीला नुसतं बीपी. हिने दोघींच्या गोळ्या एकाच ओळीत लिहिल्या, आणि डॉक्टरांनी दिलेली साखरेच्या गोळ्यांची पुडी नेऊन भलत्याच म्हातारीच्या हातात ठेवली. म्हातारीने गोळी तळहातावर घेतलीही होती. शेजारी उभ्या सिस्टरने हात धरला.

कॅम्पात दोन वेळचं जेवण कधी मिळायचं कधी नाही. साखरेचा आजार नसलेल्या, उपाशीपोटी म्हातारीने ती गोळी घेतली असती तर काय झालं असतं, हे मी तिला सांगायची गरज नव्हती. ते तिने नंतर स्वतः वाचून काढलं होतं. सहा वर्षं ही गोष्ट तिने आईलासुद्धा सांगितली नव्हती. म्हणून ती वहीही कुणाला दाखवली नव्हती.

"सिस्टर ओरडल्या का?"

"न्हाई. वही घेतली आणि म्हणाल्या, नाव एकच असतंय गं, घर वेगळं असतंय. घर लिही."

त्यानंतरच्या पानांवर प्रत्येक नावापुढे घर आहे. 'मारुतीच्या देवळामागं.' 'दूध डेरीच्या वरचं.' 'पिंपळाजवळ, पत्र्याचं.' आज कुठल्याही चांगल्या हॉस्पिटलमध्ये औषध देण्यापूर्वी पेशंटची ओळख किमान दोन गोष्टींनी पटवायची असते, नाव आणि सोबत जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक. खोली नंबर चालत नाही. हा नियम जगभर चुका होऊन, माणसं दगावून झालाय. आणि एका सिस्टरने तो सातवीतल्या पोरीला चिखलीच्या भाषेत शिकवला होता. त्या माउलीचं नाव तिला आठवत नाही. मला फार चुटपूट लागली.

मला या मुलीला काही शिकवायचं उरलं नव्हतं, तिच्याजवळ जे होतं ते फक्त बाहेर आणायचं होतं. क्लासवाल्यांवर माझा राग नाही, तेही पोटापाण्याचं काम आहे. पण 'तुमची चूक सांगा' या प्रश्नाला त्या झेरॉक्समध्ये उत्तर होतं की मी जरा जास्तच मेहनत करते. हे मुलांना शिकवणं मला गुन्ह्यासारखं वाटतं. उद्या हिच्या हातात इंजेक्शन असणार आहे. चूक कबूल करायची सवय लागायला एमबीबीएसची वाट बघायची का? २०१९ पासून अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा वेगळा भाग आला, ते फार चांगलं झालं. आमच्या वेळी तो नव्हता. आम्ही मेलेल्या देहावर शिकलो आणि जिवंत माणसाशी कसं बोलायचं ते चुकत चुकत, पेशंटच्या जिवावर शिकलो.

मग नीतिमत्तेचे प्रश्न घेतले. पेशंट शुद्धीवर आहे, सगळं समजतंय, आणि उपचार नको म्हणतोय. काय करशील? ती जरा घोटाळली, पुस्तकी बोलू लागली. तेवढ्यात बाप तिला न्यायला आला होता, तो दारातूनच म्हणाला, "आमचा म्हातारा! बोट दारात आली आणि म्हणतोय, म्हशी सोडून मी येत न्हाई." मी त्यांना आत बसवलं. "मग काय केलंत?" जबरदस्तीने उचलून न्यायचं ठरत होतं. पण नातीने विचारलं, आजोबा, म्हशींचं काय केलं तर तुम्ही याल? म्हातारा म्हणाला, दावी सोडा, उंचावर हाका, मग येतो. जवान दहा मिनिटं थांबले. दावी सोडली. म्हातारा बोटीत बसला. दोन म्हशी नंतर सापडल्या, एक नाही.

रुग्णाची इच्छा, रुग्णाचं हित, अपाय न करणं आणि न्याय, ही वैद्यकीय नीतीची चार तत्त्वं मी कॉन्फरन्समध्ये पडद्यावर कितीदा तरी पाहिलीत. त्या दहा मिनिटांत चारही होती. शेवटचं तर जास्तच, कारण पुढच्या गल्लीत बाळंतीण बोटीची वाट बघत होती आणि जवानांना तेही दिसत होतं.

एक भानगड भाषेची होती. आमच्या कोल्हापुरात पोरी 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. मीही म्हणायचे, पुण्यात हॉस्टेलला गेल्यावर मुलींनी हसून हसून ते घालवलं. क्लासमधल्या कुणी तरी हिला सांगितलं होतं, तुझी भाषा गावंढळ आहे, तोंड कमी उघड. मुलाखत बहुतेक इंग्रजीतच होणार होती. मी तिला एवढंच करायला लावलं की आधी मराठीत, तुझ्या मराठीत, सगळं सांग. मग तेच छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत. 'फडकं ओलं करत बसलो' याला मोठा शब्द शोधू नकोस. आय केप्ट द क्लॉथ वेट. झालं. तिने ते वाक्य म्हटलं तेव्हा पहिल्यांदा तिचे डोळे कॅलेंडरवर नव्हते, माझ्याकडे होते.

सैन्यात का, याचं उत्तर तिने मला विचारून केलं नाही. बोटीतल्या जवानाने आजीला दोन्ही हातांवर उचललं तेव्हा आजी लाजून तोंड झाकत होती, आणि तो म्हणाला, माझी पण आई आहे. एवढंच तिला सांगायचं होतं. मी म्हटलं, एवढंच सांग.

निघायच्या दिवशी पाणी उतरायला लागलं होतं. स्टँडवर बाप-लेक पुण्याच्या गाडीत बसले. बापाच्या मांडीवर भाकरीचं गाठोडं, तिच्या मांडीवर फाईल. फाईलमध्ये प्रमाणपत्रं, आणि सगळ्यात खाली ती वही. नेऊ का, तिने विचारलं होतं. मी म्हटलं ने, पण दाखवू नकोस, विचारलं तरच काढ.

दोन दिवसांनी रात्री फोन आला. यादी लागायची होती, पण तिचा आवाज मोकळा होता. कोल्हापूर ऐकल्यावर त्यांनी आधी पंचगंगेच्या पाच नद्या विचारल्या. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती तिने झरझर सांगितल्या, आणि पाचवी सरस्वती गुप्त आहे हेही. मग पूर निघाला. मग चूक निघाली. तिने सगळं सांगितलं, खोडलेल्या ओळीसकट.

"मग मॅडम, त्यातल्या एक बाई होत्या अधिकारी. त्यांनी विचारलं, त्या म्हातारीचं पुढं काय झालं?"

हा प्रश्न अकरा दिवसांत मी तिला एकदाही विचारला नव्हता.

"काय सांगितलंस?"

"बऱ्या हायत म्हणून सांगितलं. परवा यायच्या आधी पाया पडून आलो की त्यांच्या. आता वर सोनतळीला ऱ्हात्यात, शाळेच्या मागं, निळ्या दाराचं घर."